एकाच वावरातली कमला

भनपुरी, रायपूर
१२ नोव्हेंबर २०१७

चि. मोनाली,

चिरंजीव लिहिण्याचा माझा हक्क अजून शाबूत आहे, तेवढाच वापरतो. बाकी आशीर्वाद वगैरे तुझी आई फोनवर देतेच. गच्चीवर कपडे वाळत घालायला इतका वेळ लागत नाही, हे रेल्वेतून निवृत्त झालेल्या माणसालाही कळतं. मी तुझ्याशी बोलणार नाही असं म्हटलं होतं आणि बोलत नाहीच आहे. लिहिणार नाही असं म्हटल्याचं मला आठवत नाही.

आता विषयावर येतो. ती बाटली तू कुठल्या अकलेनं पाठवलीस?

इथं काय चाललंय ते तुला आईनं सांगितलं असेलच. हायवेवरचं दारूचं दुकान हटलं आणि ते आमच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीतच, विहारापासून हाकेच्या अंतरावर येणार असं ठरलं. दसऱ्यापासून बायका मंडप टाकून बसल्या आहेत. समितीचा अध्यक्ष मी. पण खरा मंडप तुझ्या आजीच्या जिवावर उभा आहे. ऐंशी ओलांडलेली बाई सकाळी आंघोळ करून, पांढरं लुगडं नेसून पहिल्या खुर्चीवर येऊन बसते, मग बाकीच्यांना घरी राहायची लाज वाटते.

परवा मी निवेदन घेऊन नवा रायपूरला गेलो होतो. तिथले रस्ते एवढे रुंद की पलीकडची इमारत गाठेपर्यंत माणूस कशाला आलो ते विसरतो. निवेदन दिलं, शिक्का घेतला, आणि परतीची बस काही मिळेना. नेमका त्याच वेळी पाऱ्यातल्या श्रीपादचा अनिमेष, तिकडून सुट्टीवर आलेला, तू दिलेली भेट घेऊन आपल्या घरी आला. घराला कुलूप, म्हणून तो सरळ मंडपात गेला. स्वेटरमध्ये गुंडाळलेली बाटली त्यानं आजीच्या मांडीवर ठेवली, पाया पडला आणि म्हणाला, "मोनाली दीदी ने आपके लिए भेजा है." या पोराला मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देतो, आणि आपण कुठे उभे आहोत हे त्याला दोन्ही भाषांत समजत नाही. दारूबंदीच्या मंडपात, मोनाली! बॅनरखाली!

आजीनं स्वेटर काढला. बाटलीवरच्या कागदावर सगळी तिकडची अक्षरं आणि मधोमध आपल्या अक्षरांत 'कमला'. प्रौढ वर्गात ती जे शिकली त्यातली पेन्शनच्या सहीपुरती एवढी तीनच अक्षरं तिच्याजवळ उरली आहेत. तिनं बोट ठेवून मोठ्यानं आपलं नाव वाचलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या शेजारची इंदू, जिचा आवाज लाउडस्पीकरला भारी आहे, ती म्हणाली की उघडा, आम्हाला पण दाखवा. समोरच्या सायकलवाल्यानं स्क्रू ड्रायव्हरनं बूच आत ढकललं.

आजीनं बाटली नाकाशी नेली आणि म्हणाली, "माह्या गुडघ्याचं औषध हाये. वास उग्र हाये जरा." इंदूचेही गुडघे दुखतात, तिनं चमचाभर मागितलं. आजी म्हणाली, हे ज्याच्या त्याच्या वयानुसार घ्यावं लागतं, तुला चालणार नाही. चिंधीचा बोळा लावला, बाटली पदराखाली घेतली आणि घरी चालत आली. आता ती तिच्या फळीवर शुगरच्या गोळ्यांशेजारी उभी आहे.

हे सगळं मला संध्याकाळी इंदूनं सांगितलं.

तुला प्रश्न पडेल की आजीला ते औषध का वाटलं. कारण मीच तसं सांगून ठेवलंय. तू त्या वेलींच्या धंद्यात पडलीस तेव्हापासून मी तिला आणि सगळ्या पाऱ्याला सांगत आलोय, पोरगी फ्रान्सला द्राक्षांचं औषध बनवते, आपल्या द्राक्षासवासारखं. दुसरं काय सांगणार होतो? हरिदासमामाची गोष्ट तुला माहीत आहे. तिचा सख्खा धाकटा भाऊ. माझ्या लग्नात पिऊन आला, तर तिनं त्याला दारातून परत पाठवलं. तो गोंदियाला आजारी पडला, निरोपावर निरोप आले. ती रडली, पण गेली नाही. दारूला शिवलेला माणूस तिच्या घरचा राहत नाही. आणि तू तर शिवून थांबली नाहीस, तू ती बनवतेस.

आजीला हे कळलं तर तुला हे दार बंद होईल, हे मी तुला धमकी म्हणून सांगत नाही. मला त्याची भीती वाटते म्हणून सांगतोय. तिनं दार लावलं तर ते उघडायची माझी छाती नाही.

तेव्हा फोनवर तिनं विचारलं तर औषध म्हण. चौदा एप्रिलला यायचं म्हणतेस, ते आता नको. तू आलीस की ती समोर बसवून विचारेल आणि तुला खोटं बोलता येत नाही. हा गुण तू माझ्याकडून घेतलेला नाहीस.

माझ्या आईचं नाव तू दारूच्या बाटलीवर घातलंस, त्याबद्दल पुढच्या पत्रात लिहीन. आत्ता अक्षर बिघडतंय.

गुलाबराव


भनपुरी
३ डिसेंबर २०१७

चि. मोनाली,

तुझं चार पानी पत्र मिळालं. मराठी अजून बरी लिहितेस. इथली तुझ्या वयाची पोरं मराठीत विचारलं की 'हव अंकल' म्हणून पुढे हिंदी सुरू करतात.

मी ते दोनदा वाचलं. पटलं म्हणून नव्हे. गार्डाच्या नोकरीत सवय लागली, कागद दोनदा वाचल्याशिवाय सही करायची नाही. तर तुझं म्हणणं मला असं कळलं: लियोंच्या वर, बोजोलेच्या डोंगरात, एका म्हाताऱ्याचं दीड एकराचं वावर तू करायला घेतलंस. त्यात गामे नावाच्या द्राक्षाच्या वेली आहेत, शंभर वर्षांपेक्षा जुन्या. त्यांना मांडव नाही, तार नाही. मांडीएवढ्या उंचीचं एकेक खोड आपापल्या पायावर उभं. जमीन आपल्या भाट्यासारखी, नुसती मुरमाड, दुसरं काही पिकायचं नाही तिथं. म्हातारी वेल घड थोडे धरते पण दाणेदार. तोडणी हातानंच, कमरेत वाकून. मग घडच्या घड, देठासकट टाकीत. आणि त्या एकाच वावरातलं तू दुसऱ्या कशात मिसळू देत नाहीस, त्याची वेगळी बाटली भरतेस, म्हणून तिला वेगळं नाव लागतं.

हे सगळं तू इतकं जीव लावून लिहिलंयस की तू भाताबद्दल लिहितेस असं क्षणभर वाटलं. शेतकी कॉलेजला घातलं तेव्हा मला भातच अपेक्षित होता.

आणि मग तू ती दुसरी गोष्ट लिहिलीस. सहाशे वर्षांपूर्वी तिथल्या कुठल्या सरदारानं हुकूम काढला की ही गामे हलकी, बेइमान जात आहे, चांगल्या जमिनीतून ती उपटून टाका. मग ती हद्दीबाहेर, कुणाला नको असलेल्या डोंगरावर जाऊन रुजली. "बाबा, हे वाचलं तेव्हा मला आपलं गाव आठवलं, गावकुसाबाहेरची आपली घरं आठवली, आणि त्या वाकलेल्या वेलींकडे पाहिलं तर आजी दिसली," असं तू लिहिलंस.

तू हुशार आहेस. कुठे बोट ठेवलं की बापाला दुखतं ते तुला बरोबर कळतं. त्याचा मला राग आहे. तुझ्या आईला वाचून दाखवताना मी तिथं अडखळलो, चष्म्याचं निमित्त केलं. पण मोनाली, वेलीला कुणी हद्दपार केलं म्हणून तिची दारू पवित्र होत नाही. आपण हजारो लोक त्या हद्दीबाहेरून उठून ज्या रस्त्यानं आलो, त्यावर पाच शिलं आहेत आणि पाचवं शील नशेचं आहे. तिथं लोक जेवणाबरोबर घेतात, म्हाताऱ्या आज्या पण घेतात, कुणी बायकोला मारत नाही, असं तू लिहितेस. असेल. आपल्याकडे आजोबा घेत होते आणि तुझ्या आजीचा डावा कान तेव्हापासून गेला. बास, यापुढे मी या विषयावर लिहीत नाही.

आता इथली नवी आफत ऐक.

बाटली कमी होतेय. रोज थोडी थोडी. मी कागदाच्या खालच्या कडेवर लक्ष ठेवलंय. सकाळी मी आंघोळीला गेलो की आजी चमच्यानं औषध घेते, आई म्हणते. आणि वर आईला सांगते, गुडघ्याला उतार आहे, पोट्टीच्या हाताला गुण आहे. म्हणजे ज्या बाईनं आयुष्यभर पाचवं शील पाळलं, आम्हाला पाळायला लावलं, ती माझ्या एका खोट्यामुळे रोज सकाळी ते मोडते आहे आणि दर रविवारी विहारात ते म्हणते आहे. मी शेजारी बसतो. माझ्या तोंडून आता पाचवी ओळ निघत नाही.

काल मी एक उद्योग केला. पुरानी बस्तीत वैद्याच्या दुकानातून मनुकांचं शुद्ध सरबत आणलं, आजी मंडपात असताना तुझी बाटली मोरीत ओतली आणि त्यात ते भरलं. रंग साधारण जमला. ओतताना वास आला. वास वाईट नव्हता, हे लिहू की नको म्हणून थांबलो होतो, लिहितो. लाल फळांचा होता, करवंदं कुस्करल्यासारखा. मी नाक वळवलं.

आता निदान ती जे पिते ते सरबत आहे. मला वाटलं होतं, हायसं वाटेल. वाटत नाही. म्हातारपणी आईच्या औषधाच्या बाटलीत भेसळ करणारा मुलगा, असा हिशेब होतो.

आई म्हणते, खरं सांगून टाका. मी म्हटलं, तू सांग. तर ती गच्चीवर गेली.

गुलाबराव


भनपुरी
२४ डिसेंबर २०१७

मोनाली,

मायना लिहायला उसंत नाही. गोष्ट हाताबाहेर चालली आहे.

इंदूच्या अनुश्रीनं त्या दिवशी मंडपात मोबाइलवर फोटो काढला होता. आजी, हातात बाटली, मागे आमचं बॅनर. कौतुकानं काढला होता बिचारीनं. तो या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरत दुकानवाल्यांच्या माणसांपर्यंत गेला आणि त्यांच्यातल्या कुणीतरी कागदावरची अक्षरं शोधून काढली. गुरुवारी दुपारी त्यांचा एक माणूस मोटरसायकलवर मंडपासमोर येऊन उभा राहिला, फोटो मोबाइलवर मोठा करून बायकांना दाखवला आणि म्हणाला, "आपके अध्यक्षजी की बेटी विदेश में दारू बनाती है. पूछ लीजिए."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. आजीही.

मी उठलो, माइक हातात घेतला आणि सांगितलं की हे आंदोलन फोडायचं कारस्थान आहे. माझी मुलगी औषध बनवते. ही बाटली औषधाची आहे, माझी आई ते रोज घेते, तिचे गुडघे बघा. मी इतकं ठासून बोललो की माझा मलाच विश्वास बसला. बायकांनी टाळ्या वाजवल्या, त्या माणसाला पिटाळून लावलं. आजी खुर्चीवर बसून होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. ऐकू आलं नसेल, डावा कान होता माझ्या बाजूला.

घरी आल्यावर ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मंडपात वेळेवर गेली.

पण आता संशय पेरला गेला आहे. दोघी-तिघींच्या नवऱ्यांनी घरी ऐकवलं, तुमचा पुढारीच असला. इंदू माझ्या बाजूनं भांडते, पण परवा तिनंच हळूच विचारलं, "भाऊ, खरं हाये ना ते औषधाचं?" तिचा नवरा पगाराच्या दिवशी कसा घरी येतो ते तुला माहीत आहे. या मंडपात तिचा जीव अडकला आहे. तिला मी 'हो' म्हटलं.

म्हणून तुला एक काम सांगतो. आजवर तुझ्याकडे काही मागितलेलं नाही. तू मराठीत एक पत्र लिही, मंडपात वाचून दाखवता येईल असं. मी फ्रान्समध्ये द्राक्षांपासून सांधेदुखीचं औषध तयार करते, ते आजीसाठी पाठवलं होतं. चार ओळी पुरे. खाली सही. दुकानाचा निर्णय संक्रांतीच्या आसपास लागेल असं म्हणतात, तोवर मंडप टिकला पाहिजे. तो मोडला तर तुझ्या आणि माझ्यामुळे मोडेल, आणि इंदूच्या घरासमोर दारूचं दुकान उघडेल. तुझ्या तत्त्वांपेक्षा हे मोठं आहे.

आणि आजीसाठीही लिही. तिला संशय आला असेल तर तुझ्या सहीनं तो जाईल. तुझ्या शब्दावर तिचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे.

लौकर पाठव. अनिमेषच्या बापाच्या मोबाइलवर फोटो काढून पाठवलंस तरी चालेल.

गुलाबराव


भनपुरी
१६ जानेवारी २०१८

प्रिय मोनाली,

श्रीपादच्या मोबाइलवर तुझं उत्तर वाचलं. "बाबा, मी जे करते ते लपवण्यासारखं आहे असं मला वाटत नाही, म्हणून मी असं लिहून देणार नाही. तुम्ही सांगणार नसाल तर मी येऊन आजीला स्वतः सांगेन. तिनं हाकललं तर जाईन. पण मला तिच्यासमोर उभं राहायचं आहे." श्रीपाद बाजूला उभा होता, त्याला दाखवायला हसलो. घरी येईपर्यंत तुझ्यावर संतापत होतो. मग लक्षात आलं की तू साता समुद्रापलीकडून यायला तयार आहेस आणि मी एकाच घरात राहून या खोलीतून त्या खोलीत जायला तयार नाही.

मग गेलो. सकाळची वेळ होती. ती उन्हात बसून वाटाणे सोलत होती. मी तिच्या उजव्या बाजूला बसलो, ऐकू यावं म्हणून.

"माय, ते औषध नाई. दारू हाये. मोनाली तेच बनवते."

तिचा हात थांबला नाही.

"बूच निंगालं तवाच समजलं मले," ती म्हणाली. "वीस वर्षं तो वास उशाशी घेऊन झोपली मी. मोहाची असो का अंगुराची. मले नाई समजन त कोणाले समजन?"

मी विचारलं, मग मंडपात औषध का म्हणालीस. ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहितो, माझ्या शब्दांत ते मावणार नाही.

"तुहा बाप पेऊन पडे, तवा शेजारच्या बाया विचारत, काय झालं ओ? मी सांगत होती, अंग दुखते त्यायचं, औषध घेतलं. रोज तेच सांगत होती. माह्या तोंडावर वळ दिसत, तरी तेच. मंडपात सगळ्या पाहून राहिल्या होत्या, बाटलीवर माहं नाव, आन् तोंडातून आपोआप तेच निंगालं. पोट्टीची इज्जत जाईन म्हणून. तुही बी."

"आन् रोज चमचा?"

"मोरीत टाकत होती. औषध म्हणलं त कमी झालं पायजे. नाई त लोकं विचारतात. हे बी मले तवाचंच माहीत हाये. मंग एक दिवस वास गोड झाला. मी म्हणलं, गुलाबले माहीत हाये त. माहं पोरगं बी आता हेच काम करून राहिलं."

मोनाली, मला त्या क्षणी जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. म्हणजे रोज सकाळी ती माझ्यासाठी दारू मोरीत ओतत होती आणि दुपारी मी तिच्यासाठी तिथंच ओतून आलो. दोघंही एकमेकांना वाचवत होतो. मी माइकवर बोललो तेव्हा तिला सगळं ऐकू आलं होतं. मी विचारलं, रागावलीस का तेव्हा.

"रागावली नाई. थकली," ती म्हणाली. "तवा नवऱ्यासाठी खोटं बोलली. मंग नातीसाठी बोलली. आता तू बी माह्या गुडघ्यावर हात ठेवून बोलला. मरेपर्यंत मी हेच करू काय रे? दारू कोणी दुसरंच पेते, आन् औषध मी सांगते."

दुसऱ्या दिवशी तिनं मंडपात माइक मागितला. बायकांना वाटलं, संक्रांतीचं काही बोलेल. ती म्हणाली, ती बाटली दारूची होती, माझी नात दारू बनवते, मला माहीत होतं आणि मी खोटं बोलले. माझा मुलगाही खोटं बोलला. एवढंच बोलून माइक खाली ठेवला. मी शेजारी उभा होतो, मान खाली घालायचीही हिंमत होत नव्हती. समोर दुकानवाल्याचा माणूस मोबाइल धरून होता. तो हसला नाही, हे मात्र सांगितलं पाहिजे.

इंदू उठली. आजीसमोर आली आणि विचारलं, "तुमी मले चमचाभर देल्ली असती त?"

"म्हणून त नाई देल्ली," आजी म्हणाली.

"पण खोटं त बोलल्या."

"हो. बोलली."

इंदू गेली. तिच्यामागे आणखी बऱ्याच गेल्या. आजीनं कुणाला थांबवलं नाही. मला म्हणाली, "जाऊ दे. मी बी गेली असती." मी अध्यक्षपद सोडलं. आज मंडपात सातआठ जणी होत्या. त्यात इंदू नाही. अनुश्री मात्र येऊन बसली, आईशी भांडून आली असावी. दुकानाचं काय होईल ते मला माहीत नाही. होईल असं वाटतं. झालं तर त्याचा वाटा माझ्या माथ्यावर राहील आणि तो मी तुझ्यावर ढकलणार नाही.

आता तुझ्याबद्दल. काल तिनं स्वतःहून विषय काढला. मी तिला तुझं चार पानी पत्र पूर्ण वाचून दाखवलं, ते हद्दपारीचंही. तिनं मधेमधे विचारलं, खोड किती जाड, पाणी कोण देतं, छाटणी कोण करतं. पोट्टी स्वतः करते म्हटल्यावर विचारलं, एवढ्या थंडीत? मग उठायला लागली. मला वाटलं, आता हरिदासमामासारखं होणार. तिला ऐकू जावं म्हणून मी मोठ्यानं म्हणालो की माय, तू पोरीला दार लावलंस तर मी काही करू शकणार नाही, पण माझा जीव जाईल. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नव्हतं, तिला बोलून दाखवलं.

ती म्हणाली, हरिदासला दार लावलं आणि तो तसाच गेला. त्याच्या मागे मी पुष्कळ दारं मनात उघडली, पण त्याचा उपयोग नाही. पोट्टीला ये म्हणून लिही. एप्रिलमध्ये ये म्हणावं, माझ्याजवळ बस म्हणावं, तुझ्या वेलीचं सांग म्हणावं. बाटली आणू नको म्हणावं. तुझा धंदा मला पटला असं समजू नको म्हणावं, तो मला मरेपर्यंत पटणार नाही.

मी हे सगळं लिहून घेत होतो. मग मी नावाचं विचारलं. बाटलीवर तुझं नाव आहे, ते काढायला सांगू का?

यावर तिनं फार विचार केला नाही. मला वाटतं, तो तिनं आधीच केला होता.

"त्या वेलीले ठेव म्हणा माहं नाव. वेलीनं कोणाचं काय केलं? वाकून वाकून जगली बिचारी. पण बाटलीवर माहं नोको. बाटलीवर त्याचं टाकाले सांग. तुह्या बापाचं. ज्यानं पेली, त्याचं."

मला वाटलं, रागानं बोलतेय. पण तिच्या तोंडावर राग नव्हता.

"त्याचं नाव ह्या घरात कोणी घेत नाई," ती म्हणाली. "मीनंच घेऊ देल्लं नाई. माणूस वाईट नोता तो, पेल्यावर वाईट होता. तिकडं जेवताना घेतात म्हणते ना पोट्टी? मारत नाईत? त घेऊ दे त्याचं नाव त्यायले. कोणीतरी चांगल्या तोंडानं घेईन."

मी विचारलं, खरंच लिहू का? लिही म्हणाली. म्हणून लिहितोय, एक अक्षर न बदलता. तू काय करायचं ते तुझं तू ठरव, तुझं वावर आहे. पण तू लहान असताना एकदा माझ्या ओळखपत्रावर बोट ठेवून विचारलं होतंस, बाबा, हा मधला डी कशाचा? मी तुला अभ्यासाला बस म्हटलं होतं. आपल्या अक्षरांत ते असं लिहितात, कागदावर छापताना चुकू नको.

देवीदास.

एप्रिलमध्ये ये. वाट पाहतो.

तुझा बाप,
गुलाबराव देवीदास रामटेके